विहिरीतलं बिऱ्हाड

आमच्या भागात फुटव्हॉल्व्हला फुटबॉल म्हणतात. एकदा आमच्या घरी पुण्याचे पाहुणे मुक्कामाला असताना दारात एक शेतकरी येऊन ओरडला, "मिस्तरी, फुटबॉल बसला, लवकर चला!" मी पान्याची पिशवी उचलून निघालो. संध्याकाळी चिखलाने माखून परत आलो तेव्हा पाहुण्यांनी अदबीने विचारलं, "कोण जिंकलं?"

तुम्हीही त्या पाहुण्यांपैकी असाल, तर आधी थोडं समजावून सांगतो. विहिरीवर मोटार असते, मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला असतो आणि पाइपाच्या तळाला एक झडप असते, तोच आमचा फुटबॉल. ती पाण्याला वर जाऊ देते, खाली परत येऊ देत नाही. झडपेच्या बुडाला जाळी असते. या जाळीत काही अडकलं की मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही. मग शेतकरी आधी मोटारीला शिव्या देतो, नंतर लाइटीला देतो आणि दोघींनी दाद दिली नाही की मला बोलावतो. वालूर आणि आसपासच्या गावांमध्ये माझी उभी हयात या जाळ्या उपसण्यात गेली. वाइंडिंग जळालं तर मोटार परभणीला न्यायची, बाकीचं सगळं काम विहिरीच्या पोटात.

आता सगळीकडे बोअर झाले. बोअरचं काम पैलवानाचं आहे. वितभर भोकातून पाइपामागून पाइप ओढत बसायचं. आत काही दिसत नाही, आणि दिसण्यासारखं काही नसतंही. मी ते काम केलं, पण जीव कधी लागला नाही. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, कामाची आठवण येते का? कामाची फारशी येत नाही. आठवण येते ती विहिरीत राहणाऱ्यांची.

ही ओळख मला माझ्या उस्तादांनी करून दिली. परभणीत स्टेशनच्या बाजूला त्यांचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. माणूस तोंडाने फटकळ, हाताने कमालीचा हलका. मी पहिल्यांदा विहिरीत उतरायला निघालो तेव्हा त्यांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं होतं. म्हणाले, "अंदर कौन कौन रहता, पहले देख. दूसरे के घर में ऐसाच घुसता क्या?"

खरंच घरच असतं ते. बांधकामाच्या कपारीत पारवे असतात, कुठल्या तरी भेगेत धामण असते, पाण्याच्या कडेला पाणदिवड आणि बेडूक. बाभळीची फांदी विहिरीवर वाकलेली असली तर तिला सुगरणीची घरटी लटकलेली असतात. पाण्यात मासळी असते आणि नशीबवान विहीर असेल तर तळाला एक कासव असतं. या सगळ्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. डासांच्या अळ्या मासळी खाते, चिलटं-पाखरं बेडूक खातो, बेडूक फार झाले तर पाणदिवड बघून घेते. मेलेलं, कुजलेलं जे काही तळाला जाईल ते कासवाकडे. नवीन विहिरीला पाणी लागलं की पूजा करून नदीतलं एखादं कासव आणून सोडायची आमच्याकडे जुनी रीत होती. कासवाची विहीर नासत नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची. आमच्या धंद्याच्या दृष्टीनेही ते सोयीचं होतं. कासवाच्या विहिरीतली जाळी वर्ष वर्ष तुंबायची नाही.

या बिऱ्हाडातलं कुणी हललं की काय होतं, ते पिंगळीजवळच्या एका गिऱ्हाइकाने मला शिकवलं. गिऱ्हाईक म्हणजे दूरचे पाहुणेच. मी गेलो तेव्हा विहिरीच्या काठावर एक लांबलचक धामण मारून टाकली होती आणि पाहुणे मिशीवर हात फिरवत उभे होते.

"तुमी उतरणार म्हणून मारली, मिस्तरी. आता बिनघोर उतरा."

"तिनं काय केलं होतं हो? बिनविषारी जात."

"साप तो साप. तुमाला काय झालं असतं मंजी मला बोल लागला असता."

माझ्या जिवाची काळजी म्हणून तिचा जीव गेला. गुमान उतरलो, काम केलं, चहा घेतला, आलो. पुढे त्या बांधकामाच्या मागे घुशी झाल्या. आधी पाटाला भोकं पडली, भिजवायला सोडलेलं पाणी वाटेतच मुरायला लागलं. मग एका पावसाळ्यात विहिरीची ती अख्खी बाजू मोटारीसकट आत बसली. पाहुणे म्हणाले, साडेसाती चालू आहे. घुशी खाणारीला आपणच काठीने मारलं होतं, हे त्यांना मी दोनदा सांगून बघितलं. त्यांना साडेसातीच जास्त पटली.

पण मला सांगायचंय ते शिवलिंगअप्पांच्या विहिरीबद्दल. इतकी वर्षं झाली तरी ती विहीर माझ्या मनातून जात नाही.

अप्पांचं वालूरजवळच्या एका गावात भुसार मालाचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात नमस्काराऐवजी कायम "शरणार्थ". गावाच्या कडेला त्यांचं शेत आणि शेतात दगडी बांधकामाची, पायऱ्यांची विहीर. पाणी इतकं गोड की डाळ एका उकळीत शिजायची. शेजारच्या वस्तीचं सगळं पिणं त्याच विहिरीवर. अप्पांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. शेत, दुकान अप्पांचं असलं तरी विहीर मात्र अक्कांची होती. अक्का म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर तरुणपणीच माहेरी परत आल्या होत्या. त्याच साली विहिरीला पाणी लागलं आणि दुधना नदीतून आणलेलं तळहाताएवढं कासव अक्कांनी स्वतःच्या हाताने त्यात सोडलं. मी ते पाहिलं तेव्हा ते परातीएवढं झालं होतं. संध्याकाळी अक्का पायरीवर बसायच्या आणि खालच्या पायरीवर ते ऊन खात बसायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी जाळी काढायला गेलो की ते सावकाश पाण्यात सरकायचं, आणि अक्का मलाच रागवायच्या, "आरं हळू की जरा. त्येचा डोळा लागला होता."

विहिरीच्या काठावर महादेवाचं छोटं देऊळ आहे. एका श्रावणी सोमवारी कासव वरच्या पायरीवर येऊन बसलं, बरोबर देवळाच्या समोर. महादेवापुढे नंदी आणि नंदीपुढे कासव असतं हे आपण सगळे जाणतोच. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो फिरला. पुढच्या सोमवारी सेलूहून लोक आले, त्याच्या पुढच्या सोमवारी परभणीहून गाड्या आल्या. अप्पा हरखून गेले. त्यांनी पायऱ्यांना रंग दिला, काठावर घंटा बांधली. आलेला माणूस रिकाम्या हाताने थोडाच येतो? दहीभात, पुरणपोळी, साखर, खोबरं, दूध, बेल, हार, सगळं कासवासाठी पाण्यात पडायला लागलं.

कासवही शेवटी जीवच. आयतं मिळतंय म्हटल्यावर ते तळाला कशाला जाईल? घंटा वाजली की वर येऊन मान बाहेर काढायचं. ज्याचे सत्कार सुरू होतात त्याचं मूळचं काम मागे पडतं, हे आपण माणसांतही पाहतो. त्याने खाल्लं त्याच्या कितीतरी पट तळाला गेलं आणि तिथे आता बघणारं कुणी नव्हतं.

माझे फेरे वाढले. दर आठवड्याला जाळी तुंबायची आणि जाळीतून शिळा भात निघायचा. एकदा मी आंबलेल्या पोळीचा लगदा काठावर काढून ठेवला, तेव्हा अक्का आणि अप्पांची तिथेच जुंपली.

"शिवा, बंद कर ह्ये. त्येला जेवू घालू नगं. त्येचं त्येला खाली मिळतंय, त्येच त्येचं काम हाय."

"अक्का, देवाला निवद दाखवू नको म्हणतीस? लोक किती लांबून यायलेत!"

"देव देवळात हाय. ह्ये कासव हाय. मी आणलंय त्येला, मला ठाऊक न्हाई व्हय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अप्पा, अक्का बरोबर बोलायल्यात. पाण्याला वास मारायलाय."

"तू मोटारीचं बघ," अप्पा म्हणाले. एरवी ते असं तोडून बोलणारे नव्हते. पण दारात रोज जत्रा भरत असली की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

मग वस्तीतली लेकरं जुलाबाने आजारी पडली. एका मुलीला तर सेलूला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी होऊन आली, पण तोवर अप्पांचं तोंड काळवंडून गेलं होतं. आपल्या पाण्याने लेकराचा जीव जायची वेळ आली, हे त्यांच्या मनाने घेतलं. आरोग्य खात्याच्या बाई येऊन पाणी बघून गेल्या. तळ स्वच्छ करा, अन्न टाकणं थांबवा आणि इतकी इतकी ब्लीचिंग पावडर टाका, असं त्यांनी माप दाखवून सांगितलं. सांगणं चोख होतं, त्यात काही खोट नव्हती. पण अप्पा पडले भुसार व्यापारी, आणि घाबरलेले. त्यांचा मापावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी पावडरीची पोतीच आणून ओट्यावर रचली.

ती पोती बघून अक्कांनी मला बोलावून घेतलं. "मिस्तरी, त्येला काढ. ह्येच्यात ते जगत न्हाई."

"कुठं न्यायचं, अक्का?"

"जिथनं आणलं तिथं."

मी पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिलो. म्हटलं, आता याला धरायचं म्हणजे दिवस जाणार. पण अक्कांनी वरून घंटा वाजवली आणि ते आलं. सरळ माझ्या पायाशी आलं आणि मान वर काढली. त्याला वाटलं, जेवण आलंय. मी दोन्ही हातांनी उचललं तेव्हा त्याने पाय आत घेतले आणि कवचाच्या झडपा मिटून घेतल्या. आयुष्यात मी कितीतरी जड मोटारी उचलल्या, पण त्या ओझ्यासारखं ओझं पुन्हा हातात आलं नाही.

ओल्या पोत्यात गुंडाळून ते अक्कांच्या मांडीवर दिलं आणि त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या. त्या वयात, नेसूचं आवरत, एका हाताने मला धरून. दुधनेत तेव्हा एका वळणाला बारमाही डोह होता. अक्कांनी पोतं काठावर सोडलं. ते बराच वेळ तसंच बसून राहिलं. मग एक पाय बाहेर आला, मग मान आली, आणि ते चालत पाण्यात गेलं. ते वळून बघेल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. कासव वळून बघत नाही. अक्का म्हणाल्या, "गेलं. चल." वाटेत मलाही मागे वळून त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पोती रिकामी केली. मासळी पांढरी होऊन वर आली, नंतर बेडूक. पाणदिवड कुठे गेली कळलं नाही. पाणी मात्र काचेसारखं झालं. अप्पांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं, "बघ मिस्तरी, तळाचा खडा दिसायलाय!" खरंच दिसत होता. पुढे औषधाचा जोर ओसरला, वाऱ्याने पाला पडला, तो कुजला. पाण्यावर अळ्या वळवळायला लागल्या आणि शेवाळाचा थर आला. खाणारं कुणी उरलंच नव्हतं. पुन्हा पावडर, पुन्हा अळ्या. शेवटी अप्पा कंटाळले. बोअर घेतला, विहिरीवर स्लॅब टाकला. स्लॅबच्या एका कोपऱ्यात हातभर भोक ठेवलं होतं, त्यातून लोक कचरा टाकायला लागले.

माझा येण्याजाण्याचा रस्ता दुधनेवरून. अक्का भेटल्या की हटकून विचारायच्या, "दिसलं का रे?" दरवेळी नाही म्हणायचा मलाच कंटाळा आला, म्हणून एकदा सांगितलं, "दिसलं की! उगवतीच्या बाजूला खडकावर बसलं होतं, मजेत." अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलायलास. त्येला मावळतीचं ऊन आवडतंय." मग हसल्या. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारलं, आणि त्या जाईपर्यंत विचारत राहिल्या.

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. या उन्हाळ्यात अप्पांच्या बोअरमधून पाण्याऐवजी फुफाटा यायला लागला. अप्पा आता थकलेत. काठी टेकत माझ्या घरी आले. मी काम सोडलंय हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "स्लॅब फोडायचाय. दुसऱ्या कुणाला कसं सांगू?"

स्लॅब फुटला तेव्हा आलेला वास मी लिहीत नाही. पाणी उपसलं, काठावर यारी, म्हणजे गाळ वर ओढायची क्रेन, लावून गाळ काढला. गाळात प्लास्टिक निघालं, नैवेद्याच्या वाट्या निघाल्या, बेडकाचं एक पिलूसुद्धा निघालं नाही. मग खडकाच्या अंगातून झरा सुटला. अप्पांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थोडा वेळ धरलं, गिळलं. "डाळ शिजंल," म्हणाले. वस्तीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा मात्र पायरीवर बसले ते उठेनात.

"पाणी आलं मिस्तरी. पण ह्येला राखायला कोण?"

वस्तीतला एक जण म्हणाला, "त्यात काय, आणू की एक कासव."

मी म्हणालो, आता पकडायला कायद्याने बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे. शिवाय आणायचं कुठून? मी गेल्याच महिन्यात त्या वळणावर उतरून आलो होतो. वाळू उपसून उपसून नदीची चाळण झाली आहे. डोह होता तिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत. आमच्या कासवाचं काय झालं असेल, याचा विचार मी तिथेच उभा राहून केला आणि तिथेच सोडून दिला. म्हणजे सोडला असं मला वाटलं. खरं म्हणजे आजही कुठे पाणी हललं की मी तिकडेच बघतो. या वयात माणसाला कशाकशाची ओढ असते, मुलाबाळांची, गेलेल्या बायकोची. ती मलाही आहे. पण त्या रांगेत एक कासवही आहे, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

हे बिऱ्हाड दुकानातून आणता येत नाही. ज्याचं त्याने यायचं असतं आणि आपण जागा ठेवायची असते, एवढंच मला कळतं. ते मी अप्पांना सांगितलं. जन्मभर माल मागवला की चौथ्या दिवशी दारात उतरवून घेणारा माणूस तो, पण त्यांनी ऐकलं. गवंड्याला सांगून बांधकामात कपारी मोकळ्या ठेवून घेतल्या. पाण्यात पडलेल्या जीवाला वर चढता यावं म्हणून बाभळीचा एक ओंडका तरंगत सोडला. एक बाई नारळ घेऊन आल्या तर त्यांना हात जोडून म्हणाले, "माय, महादेवाला दे. पाण्यात काही टाकू नको." अक्कांनी हे ऐकायला हवं होतं.

हा लेख लिहितोय तेव्हा मृगाला अजून अवकाश आहे. मी दोन-चार दिवसांआड उतरत्या उन्हाला तिकडे जातो. अप्पा आधीच येऊन बसलेले असतात, अक्का बसायच्या त्याच पायरीवर. परवा एक खंड्या आला. बाभळीवर बसला, मान वाकडी करून पाण्यात बघितलं आणि उडून गेला. "बघ," अप्पा म्हणाले, "माल न्हाई म्हणल्यावर गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

काल मी काठावर पालथा पडून आत बघितलं. अप्पांना आता लांबचं दिसत नाही, त्यामुळे ते काम माझ्याकडे आहे. पाणी नितळ होतं, अगदी स्थिर. पूर्वी या विहिरीत असं स्थिर पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी ना कुणी ते हलवायचंच.

"दिसलं का काही?" अप्पांनी विचारलं.

"माझंच तोंड दिसायलंय, अप्पा."

"त्येचा काय उपयोग?" अप्पा म्हणाले, आणि माझ्यासाठी पायरीवर थोडं सरकून बसले.